हॉट प्रेसमधलं रोम

२ मे २०२१, नावन, आयर्लंड
उपेंद्रशेठ म्हणाले, लॉकडाउन सैल होतोय, ७ जूनला हॉटेलबाहेर टेबलं लावायची. पण परमिट एकाच कुकचं रिन्यू होणार. माझं, नाहीतर प्रल्हादकाकांचं. उरलेल्याने इंडियाचं तिकीट काढायचं. ४ जूनला दोघांनी एकेक नवीन डिश खायला घालायची. काकांचं वाईट वाटतं. या वयात कुठे जातील?

५ मे
पार्सल न्यायला येणारे रिटायर मास्तर म्हणाले, जुने रोमन लोक हिंग, मिरी, मध एकत्र घालायचे. वर मासे मिठात मुरवून सुटलेलं पाणी. गोडातसुद्धा! म्हणजे आपलेच की. शाळेत हे शिकवलं असतं तर मी सातवीत सोडली नसती.
मासे दोन महिने कडक उन्हात ठेवतात. मी मन लावून महिन्यात करीन.

८ मे
बादलीत बांगडे आतड्यांसकट, वर मीठ. मागच्या अंगणात ठेवली. पाऊस.

१६ मे
आठवड्यात ऊन वीस मिनिटं. तेव्हा बादलीवर झाकण होतं.
आयडिया! गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. हॉट प्रेस. कायम ऊबदार. काका नि मी एकाच घरात राहतो, कपडे तिथेच वाळवतो. काकांचे शर्ट जरा सरकवले.

२४ मे
काका ओरडले, अरे मेल्या, बसमध्ये माझ्याशेजारी कोणी बसत नाही! म्हटलं, कोविड आहे काका, लोक अंतर ठेवतात.
मत्सर.

२८ मे
काका बॅग घेऊन हॉटेलच्या माळ्यावर राहायला गेले. वास सहन होत नाही म्हणे. मैदान मोकळं. बादलीत नाक घालून बघितलं. कसलाही वास नाही. उगाच बोंब.

३० मे
नासपती मधात शिजवली. मिरी, ते पाणी. काहीच लागेना. हिंगाची डबी उपडी केली. तरी नाही. माल डुप्लिकेट.

३१ मे
जरा खोकला. शेठना फोनवर सांगितलं, डिश एवढी नाजूक आहे की चव कळतच नाही. शेठ म्हणाले, आधी स्वॅब देऊन ये.

२ जून
पॉझिटिव्ह. घराबाहेर पडायचं नाही. डिश पोचवू का विचारलं. शेठ म्हणाले, पायरीवरसुद्धा ठेवू नकोस.
तारीख पुढे ढकलतील. माझ्याशिवाय कसं होणार?

४ जून
माझ्याशिवाय झालं.

६ जून
काका दारात डबा ठेवून गेले. खिडकीतून विचारलं, परमिटचे पेपर कोणाचे गेले? खाली बघत म्हणाले, माझे. गरम आहे तोवर खा रे.
शेठना खाऊ घातलेली आमटी होती. सगळी संपवली. जिने मला इंडियाला पाठवलं, ती गोड होती का तिखट, तेवढंही कळलं नाही.