आण्णांची क्लॅरिनेट वाजती करण्याविषयी

॥ श्री सप्तशृंगी माता प्रसन्न ॥

नाशिक,
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

ती. सौ. ठमाआक्का यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे प्रतिभाचा, वाकून नमस्कार. दाजींनाही सांगावा. तुमचे गुडघे आता कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावता ना, की देवघरात ठेवून नुसतं हळदकुंकू वाहता? इकडे देवीच्या कृपेने सगळे बरे आहेत. आज माझा उपास, साबुदाणा भिजत घातलाय, तो भिजेपर्यंत लिहायला बसले. फोनच केला असता, पण तुमच्याकडे दाजी फोन लाऊडस्पीकरवर टाकून ओट्यावर बसतात आणि इथे आण्णा ऐकू येत नाही म्हणता म्हणता सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र. तुमचा ललित शनिवारी अंबडच्या कंपनीतून सुटला की कळवणला येईलच, त्याच्या हाती देते. पोस्टाचं तिकीटही वाचलं.

आमच्या सृष्टीच्या लग्नाची तयारी म्हणाल तर पत्रिका झाल्या, बस्ता झाला, फुलं तर आपल्याच मळ्यातली. पण गेला महिनाभर या घरात लग्न बाजूला आणि आण्णांची क्लॅरिनेट पुढे, असं चाललंय. सुपारी फुटली त्याच दिवशी तुमचे वडील खाटेवर ताठ बसून म्हणाले, जन्मभर लोकांच्या लग्नात वाजवलं. ठमीच्या लग्नात कन्यादान करायचं म्हणून वाजवता आलं नाय, रंगनाथच्या लग्नात वरबाप म्हणून फेटा बांधून बसवलं. आता नातीच्या हळदीला मी वाजवणार. नाय वाजली तर मांडवात येणार नाय. (आक्का, ते येणार नाही म्हणाले की येत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या बारशालासुद्धा रुसून मळ्यात बसले होते, असं सासूबाई सांगायच्या.)

तर ट्रंकेतून क्लॅरिनेट काढली. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा बँडमास्तरने जाताना आण्णांना दिलेली, तीच ती विलायती. काळं लाकूड अजून तुकतुकीत, पण चाव्यांखालच्या गाद्या सगळ्या कसरीने खाल्लेल्या, आणि तुकडे एकमेकांत असे घट्ट बसलेले की सोडवता सुटेनात. तुमचे बंधू रिटायर झाले तरी हाताची खाज गेलेली नाही. ते नळाचा पाना घेऊन आले. मी क्लॅरिनेट उचलली आणि सरळ देवघरात गणपतीच्या मागे ठेवली. तिथे पाना घेऊन यायची त्यांची हिंमत नाही.

मग सुरू झाला माणसाचा शोध. रविवार कारंजाच्या बाजूला एक पेट्या दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे आधी गेले. दुकानात नुसती वाद्यांची हाडं पडलेली. कुणाची पट्टी नाही, कुणाचा भाता नाही. म्हणाला, ठेवून जा, होईल सावकाश. मी म्हटलं, पावती? तर म्हणतो, काकू, कलेत पावती नसते. मी म्हटलं, दळणाला टाकलेल्या डब्यालासुद्धा चिठ्ठी असते बाबा. घेऊन परत आले.

दुसरा भेटला कॉलेज रोडला. काचेचं दुकान, आत थंडगार, चप्पल बाहेर काढावी की नाही तेच कळेना. (मी काढली. बाकी कुणी काढली नव्हती.) त्या मुलाने क्लॅरिनेट हातात घेतली, खिडकीपाशी नेली, नख लावून पाहिलं, कुणाला तरी फोटो पाठवला, आणि मग तोंड पाडून म्हणाला, आंटी, ही आता शोभेची वस्तू आहे. इथेच ठेवा, बदल्यात मी तुम्हाला नवीकोरी प्लास्टिकची देतो. आक्का, मी दहावी पास बाई, मला संगीतातलं काही कळत नाही. पण जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या भागीबाईशी माझा वीस वर्षांचा व्यवहार आहे. जरीची साडी दिसली की ती आधी नाक मुरडते, हे मला पाठ आहे. मी क्लॅरिनेट पदराखाली घेतली आणि निघाले. तो फाटकापर्यंत मागे आला. तेव्हाच समजले की वस्तू भारी आहे.

आणि म्हणून पुढे जे केलं त्यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. वस्तू भारी, माणूस परका, आतला भाग काढून दुसरा घातला तर आपल्याला काय कळणार? लग्नाच्या पंगतीत भांडी बदलू नयेत म्हणून आपण काय करतो? नाव घालतो. मी भांडी बाजारात गेले आणि क्लॅरिनेटच्या प्रत्येक चंदेरी कड्यावर नाव घालून घेतलं. नाव घालणाऱ्याने उलटी करून पाहिली आणि म्हणाला, मावशी, याला सगळीकडून भोकं आहेत, भांडं परत करा. अक्षरामागे पैसे घेतो, म्हणून मी ‘भिमाजी’ न घालता नुसतं ‘भि’ घालायला लावलं. घरी आल्यावर तुमच्या बंधूंनी कपाळाला हात लावला. विलायती वाद्य, आणि त्याच्यावर स्टीलच्या डब्यासारखं नाव! रात्री जेवले नाहीत. (वांग्याचं भरीत होतं म्हणून नंतर जेवले.) आण्णांनी मात्र प्रत्येक ‘भि’वरून बोट फिरवलं आणि म्हणाले, इतकी वर्षं वाजवली, पण माझी आहे असं आज वाटलं.

शेवटी पंचवटीतल्या बँडवाल्यांनी धनराजचं नाव सांगितलं. बोलण्यात फार आगाऊ. नाशिकपासून मालेगावपर्यंत माझ्याइतका हात कुणाचा नाही, हे त्याने मला चहा यायच्या आतच सांगून टाकलं. असल्या माणसावर विश्वास ठेवावा का, म्हणून मी गणपतीला कौल लावला. उजवं फूल पडलं. (वर पंखा चालू होता, असं हे म्हणतात. पंखासुद्धा बाप्पानेच चालू ठेवला असेल.) तरी मी एक अट घातली, की काम माझ्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे. रोज घरचं आवरून मेथीची जुडी नाहीतर लसूण घेऊन त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. त्याची गिऱ्हाइकं मला भाजीवाली समजून भाव विचारायची. पहिल्या दिवशी तो चिडला. म्हणाला, काकू, मी काय चोर आहे? मी म्हटलं, नाहीस, आणि तू चोर नाहीस हे बघायलाच मी बसलेय. दुसऱ्या दिवशी त्याचा एक बारीक स्क्रू हरवला, तो माझ्या निवडलेल्या मेथीत सापडला. तिसऱ्या दिवशी मी घरचा मसाल्याचा डबा पुसून नेला. मोहरीच्या वाटीत वरचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत खालचे, धण्याच्या वाटीत स्प्रिंगा. हळदीची वाटी नीट पुसली गेली नव्हती. दोन चाव्या पिवळ्या झाल्या. धनराज हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, नवरीच्या आधी हिलाच हळद लागली!

काम मात्र त्याने देवासारखं केलं. नव्या गाद्या, नवं बूच, लाकडाला तेल. सगळे ‘भि’ जागच्या जागी. परवा संध्याकाळी आण्णांनी आंघोळ केली, धुवट धोतर नेसले, टोपी घातली. गल्लीतल्या बायका दारात जमल्या. सृष्टीने मोबाईल धरला. आण्णांनी क्लॅरिनेटला नमस्कार केला, तोंडाला लावली आणि फुंकली. फुस्स. पुन्हा फुंकली. पुन्हा तेच. कुकरची शिट्टी सैल झाल्यावर जशी वाफ जाते तसं. आण्णांनी मान खाली घातली आणि क्लॅरिनेट खाटेवर ठेवली.

माझा जो संताप झाला म्हणता! धनराजला फोन केला आणि मंगळवारच्या उपासाच्या तोंडाने बोलू नये ते बोलले. तो स्कूटरवर आला, क्लॅरिनेट उचलली, आणि आक्का, काय वाजली हो ती! शेजारच्या म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवलं. मग त्याने क्लॅरिनेट खाली ठेवली, आण्णांच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, आण्णा, जरा आ करा.

आण्णांनी तोंड घट्ट मिटून घेतलं, ते अजून उघडलेलं नाही.

असो. साबुदाणा भिजला, आता खिचडी टाकते. तुम्ही आणि दाजी हळदीच्या आदल्या दिवशीच या, गाडी करू नका, एसटी थेट आहे. थोरांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून हात.

तुमची,
प्रतिभा

ता. क. १ : ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहूनच गेलं. आण्णांची कवळी तुमच्याकडे आहे. नवरात्रात गडावर दर्शनाला आले तेव्हा तुमच्याच घरी राहिली, आणि इथे आल्यावर आम्हाला सांगितलं की दवाखान्यात घासायला दिलीय. ते भाकरी दुधात कुस्करून खातात, ती परत आलीच नाही हे आम्हाला कसं कळणार? काल दवाखान्यात विचारलं, तर तिथे दिलीच नव्हती. धनराज म्हणतो, वरचे दात टेकल्याशिवाय ही वाजायची नाही, देव आला तरी. तेव्हा शोधा आणि ललितबरोबर पाठवा. दाजींना कळू देऊ नका, ते कळवणभर करतील.

ता. क. २ : आत्ता खिचडी ढवळताना पाहिलं. आण्णा खाटेवर क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसलेत, फुंकत नाहीत, नुसती बोटं चालवतात. चाव्यांचा टकटक आवाज येतो तेवढाच. सृष्टी शेजारी बसून कान देऊन ऐकतेय, जसं काही वाजतंच आहे. आक्का, लवकर शोधा हो.

ता. क. ३ : कुठे शोधायची ते आताच कबूल केलं. तुमच्या माडीवर धान्याच्या कणगीमागे, रुमालात. तुम्ही केलेले डिंकाचे लाडू चावेनात, आणि लेकीला वाईट वाटेल म्हणून सांगवेना, तेव्हा दुखतंय म्हणून कवळी काढून ठेवली आणि लाडू खिशात घातले, निघताना कवळी तिथेच विसरली, असं ते म्हणतात. मी काही म्हणत नाही. पण लग्नाला येताना लाडू आणू नका.