चांगुणा ओरडली होती

मी, रूथ शांतवन पगारे, वय एकसष्ट, तारखात्यातून निवृत्त, राहणार शरणपूर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. कर्करोग पोटात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मला वेडी ठरवायला माझा धाकटा भाऊ सहादू कोर्टात जाईल, हे मला ठाऊक आहे.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मी शेजारीण सिंधुबाई भिकन साळवे यांना देते. सहादू विचारील, परधर्माच्या बाईला का? म्हणून लिहिते. १९७६ साली आमची बहीण चांगुणा याच घरात, याच रोगाने गेली. डॉक्टरांनी कळा थांबवायची इंजेक्शने दिली होती. सहादूने एकेक कुपी चपलेखाली चिरडली. म्हणाला, "अक्का, दुःख ही प्रभूची देणगी आहे. सुई टोचून ती परत करायची नसते." चांगुणाने दातांनी उशी फाडली. सिंधुबाई सरकारी दवाखान्यात आया. तिने चांगुणाचे पाय छातीशी धरले आणि म्हणाली, "ओरड माय, ओरड. लाजती कशाला? घर तुझंच हाय." त्या दुपारी त्या खोलीत प्रभूचे काम करणारी तीच एक होती. मी बत्ता शोधत होते.

२. तो पितळी बत्ता. त्याने मी सहादूचे मनगट मोडले. नेम डोक्यावर धरला होता. पुढे पाळकसाहेबांना पश्चात्ताप झाल्याचे सांगितले, ते खोटे होते. बत्ता, खलासकट, सिंधुबाईला. मसाला छान कुटला जातो.

३. चांगुणाची माती झाली त्याच संध्याकाळी तारघरात माझी पाळी होती. सटाण्याच्या नातेवाइकांसाठी सहादूची तार माझ्याच टेबलावर आली: चांगुणाने दुःख आनंदाने सोसले, शांत झोपली. आलेला मजकूर बदलायचा नाही, हा खात्याचा नियम. मी तो अक्षर न अक्षर ठोकला. एवढे मोठे खोटे या बोटांनी दुसरे पाठवले नाही. त्या खोट्यावर सहादू आठ वर्षे उपदेश करतो आहे.

४. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बोटांवर पट्टी मारून म्हणायच्या, हे दुःख येशूला अर्पण कर. मी अर्पण केले. पट्टी त्यांच्याच हातात राहिली. पण शुभवर्तमान मी स्वतः वाचले आहे. आंधळा, कुष्ठरोगी, रक्तस्रावाची बाई, जो हात पसरून आला त्याला त्याने बरे केले. "सोस, तुझ्या भल्याचे आहे," असे एकालाही म्हटले नाही. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा वधस्तंभावर मोठ्याने ओरडला. गप्प मरण्याची अट सहादूची आहे, प्रभूची नव्हे.

परवा सहादू माझ्या उशाशी बसला. "अक्का, सोस गं. स्वर्गात तुझा मुकुट घडतोय."

"तुझ्या डोक्यावर घाल," मी म्हटले. "नाहीतर बत्ता अजून घरात आहे."

५. बाबांची हार्मोनियम. सहादूचा जीव तिच्यात अडकला आहे. माझ्या कबरेवर तो साक्ष द्यायला उठणारच. तेव्हा त्याने सगळ्यांदेखत म्हणावे, "चांगुणा ओरडत मेली. तिचे औषध मी फोडले." म्हटले, तर पेटी त्याची. नाही म्हटले, तर सिंधुबाईने ती कुऱ्हाडीने फोडून बंबात घालावी आणि त्या पाण्याने आंघोळ करावी.

६. नातेवाइकांना पाठवायची तार: रूथ गेली. इंजेक्शने घेतली. तरी ओरडली. मजकूर बदलू नये.

सिंधुबाईला घर मिळते आहे, म्हणून तिला साक्षीदार करता येत नाही. ती आत चहा करते आहे. माझी सही वाकडी आली आहे. ती कळ आल्यामुळे, कोणाच्या दबावामुळे नव्हे.

(सही) रूथ शांतवन पगारे
नाशिक, १४ मार्च १९८४

रूथबाईंनी ही सही आमच्यासमोर केली. सही करताना त्या दोनदा ओरडल्या. दोन्ही गोष्टी आमच्या समक्ष घडल्या.

साक्षीदार:
१. (सही) कारभारी लक्ष्मण आहिरे, निवृत्त तारवाले
२. (सही) विमलाबाई खंडेराव भालेराव, शिक्षिका