फॉर्मवरचं जुनं नाव

बाबा, तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं होतं. तीस वर्षं राहिले. चार महिन्यांपूर्वी सगळं सांगून टाकलं, तेही लेखी, खाली सही करून. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही रागावाल अशी भीती नाही. पण तुम्हाला न कळवता केलं, असंही नको वाटतं.

हे गेल्यावर मी इथे ब्रिस्टलमध्ये एका केअर होममध्ये कामाला लागले. चार वर्षं म्हाताऱ्या माणसांना अंघोळी घातल्या, भरवलं, त्यांच्या हरवलेल्या कवळ्या शोधल्या. तिथल्या मॅनेजरबाईंनीच डोक्यात घातलं, की तू सोशल वर्करचं शिक्षण घे. माझी शाळा सोळाव्या वर्षी सुटली, पण लायब्ररीतून आणून वाचायची सवय कधी सुटली नाही. हे मराठी लिहिणंही तसंच, माझी मीच शिकले. पन्नाशीला आलेल्या बाईला युनिव्हर्सिटीने घेतलं. फक्त आता नियम झालाय, की विद्यार्थ्यांनीसुद्धा सोशल वर्कच्या रजिस्टरवर नाव नोंदवायचं. नोंदणी नसेल तर प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण, नाही, आणि प्लेसमेंटशिवाय डिग्री नाही. फॉर्म आला. एका रकान्यात विचारलं होतं, कोर्टात कधी गुन्हा शाबीत झालाय का, कितीही जुना असला तरी लिहा. दुसऱ्यात, तुमची आजवरची सगळी नावं. त्या दुसऱ्या रकान्यापाशी मी तीन दिवस अडून बसले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. लंडनमधलं, वेम्बलीतलं आपलं स्वयंपाकघर, परातीत आईची कणीक. तुमचं काम बसगाड्या धुण्याचं, हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या आणि आई त्यांत कोकमाचं तेल भरायची. मी मोठ्या दुकानात, हातमोज्यांच्याच काउंटरला. आतून लोकर लावलेला चामड्याचा एक जोड तुम्हाला आणून दिला. "एवढा भारी?" तुम्ही विचारलंत. "स्टाफला स्वस्तात मिळतात," मी म्हटलं. तुम्ही ते घालूनच चहा प्यायलात. आई म्हणाली, "अहो, आता जेवायला तरी काढा, का भातही त्यांनीच कालवणार?" पंधरा दिवसांनी आईसाठी एक स्कार्फ पिशवीत टाकला आणि दुकानाच्या दारात पकडली गेले. संध्याकाळी पोलीस मला घेऊन घरी आला. त्याला फक्त स्कार्फ ठाऊक होता. हातमोज्यांबद्दल त्याने विचारलंही नाही. तुम्ही नुकतेच कामावरून आला होतात. माझ्याकडे एकदा पाहिलंत, एकेक बोट सोडवत ते हातमोजे काढलेत आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवलेत. "धिस ऑल्सो," एवढंच म्हणालात.

कोर्टात दंड झाला. घरी आल्यावर कोटही न काढता म्हणालात, "हे कुणापुढे काढायचं नाही. सासरी तर मुळीच नाही. लग्नात नाव बदलेल, त्याच्याबरोबर हेही जाईल." मी मान हलवली. दोन वर्षांनी ताटात तांदूळ पसरले गेले, ह्यांनी त्यांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि महिन्याभरात तुम्ही स्वतः मला वकिलाकडे नेऊन कागदोपत्रीही ते बदलून घेतलंत. मुलीचं आडनाव बदलतं हे इथल्या लोकांना माहीत असतं. आपल्यात पहिलं नावही बदलतात, हे त्यांच्या कुठून ध्यानात यावं? जिला शिक्षा झाली ती मुलगी कागदावर उरलीच नाही. सासरी नवं नाव आणि माहेरी जुनंच, असं सगळ्याजणींचं असतं. आई आणि मावश्या मला जुन्याच नावाने हाक मारत राहिल्या. तुम्ही मात्र लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सासरचं नाव घ्यायला लागलात. ते मला दंडापेक्षा जास्त लागलं. कधी बोलले नाही.

केअर होमच्या फॉर्मवरही आधीच्या नावांचा रकाना होता. मी तो रिकामा सोडला आणि पोलिसांकडची चौकशी स्वच्छ आली. त्यामुळे आताची खरी अडचण हातमोज्यांची नव्हतीच. चोरी एकोणीस वर्षांच्या मुलीची होती, रिकामा रकाना शेहेचाळीस वर्षांच्या बाईचा होता. आताही तसाच सोडला असता तर बहुतेक कुणाला कळलं नसतं. लिहिलं तर कोर्स जाईल आणि हातातली नोकरीही जाईल, हे दिसत होतं. पण मी रोज परक्या माणसांच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळते, बाबा. ती डोळे मिटून माझ्याकडे देतात. तिसऱ्या दिवशी फॉर्मपुढे बसले तेव्हा तुमचं बोलणं नाही आठवलं, एकेक बोट सोडवणारे तुमचे हात आठवले. लिहिलं.

पाठवण्याआधी मॅनेजरबाईंना सांगायला गेले. उभ्यानेच सगळं ओकले. त्या म्हणाल्या, "आधी बस, माय लव्हर." दचकू नका, ब्रिस्टलमध्ये भाजीवालासुद्धा गिऱ्हाइकाला असंच म्हणतो. "ग्लव्हजचं मला काही नाही गं. माझ्या फॉर्मवर लपवलंस, त्याचं वाईट वाटलं. तेही लिही. मग तू इथे कसं काम करतेस ते मी लिहिते." तेही लिहिलं. पुढे नोंदणीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलापलीकडे तिघं. एकाने शांतपणे विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "भीती वाटली. आणि वडिलांना शब्द दिला होता. पण वडील वारलेत, फॉर्म मी भरला होता." त्यांनी ते लिहून घेतलं. पाच आठवड्यांनी पाकीट आलं. पायात एकच बूट, तशीच दारात उभी राहून वाचलं. नोंदणी झाली. दुसरा बूट घालायचं विसरून मी जिन्यावर बसले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

लेकीला फोन केला. ती तिच्या मराठीत म्हणाली, "आई, तू चोर होता? सीरियसली? आजोबांसाठी ग्लव्हज?" आधी खो खो हसली, मग म्हणाली, "एवढी वर्षं एकटीच?" ह्यांना मात्र सांगायचं राहिलं. शेवटच्या आजारात मी ह्यांना रोज वाचून दाखवायचे, पान उलटताना पुष्कळदा ओठांवर यायचं. तुम्हाला दिलेला शब्द आड यायचा. ह्यांनी काही म्हटलं नसतं, फार तर एकदा चिडवलं असतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी माझा तुमच्यावर अजून राग आहे. बाकी सगळं हलकं झालंय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून नोंदणीच्या सर्टिफिकेटबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवते. एक सांगायचं राहिलं. फॉर्मवर लिहिण्याआधी ते जुनं नाव मी इथे स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं. आई, मावश्या गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. ते तोंडातून आलं ते अगदी तुमच्यासारखं, लग्नाआधी जिन्याखालून हाक मारायचात तसं, शेवट लांबवून. आणि घरात कुणी नसताना मी "आले, बाबा" म्हटलं.