सातव्या प्रकरणातली चूक

शिवाजी पार्क, दादर
२२ जानेवारी २०२६

प्रिय लवू,

नमस्कार. तू, वहिनी आणि नात ओवी, सगळे मजेत असाल असं धरून चालतो. आमच्याकडे ठीक. माझं बीपी तेवढं वर गेलंय. हिंदमाताला आपण भेटलो त्याला दोन वर्षं झाली ना?

एक बातमी. ब्रेमरसरांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाचा मी केलेला मराठी अनुवाद एक फेब्रुवारीला, रविवारी, दादरला प्रकाशित होतोय. सर शहाऐंशीव्या वर्षी जर्मनीहून येतायत. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय. वडील युद्धातून परतले नाहीत, आई शिवणकाम करायची. प्राध्यापक होण्याआधी ते कामगारांच्या रात्रशाळेत शिकवायचे, म्हणून पुस्तकात एकही पायरी गाळलेली नाही. मला तुझे बाबा आठवले, गिरणीतून येऊन तुझ्या वहीत डोकावणारे.

आता कामाचं. एम.एस्सी.ला असताना त्याच पुस्तकाच्या सातव्या प्रकरणातली चूक तुला सापडली होती. ती नेमकी कशी दिसली, आठवतंय का? सवडीने नको, लगेच कळव.

का विचारतोय तेही सांगायला हवं. सर मला रविवारी फळ्यापाशी बोलावणार होते. ज्या विद्यार्थ्याने चूक दाखवली त्यानेच ती समजावून सांगावी, असं त्यांचं म्हणणं. आणि तो विद्यार्थी म्हणजे मी, असं ते बेचाळीस वर्षं, आज सकाळपर्यंत, समजत होते.

तुझं इंग्रजी कच्चं, म्हणून सरांना धाडलेलं पत्र मी टाइप केलं होतं. खाली दोघांची नावं घालायचं ठरलं होतं. मी एकच घातलं. हाव सुटली, दुसरं काही नाही. चुका दाखवणाऱ्यांची नावं ते पुढच्या आवृत्तीत छापतात, त्यात मी आहे. जर्मनीची शिष्यवृत्तीही त्याच पत्रावर मिळाली. तू दर शनिवारी लालबागहून यायचास आणि जिन्यातूनच ओरडायचास, "इला काय रे त्या जर्मनाचा पत्र?" मी नाही म्हणायचो. ते तिसऱ्याच आठवड्यात आलं होतं. तू बँकेत चिकटलास, मी विमानात बसलो.

सुनेत्राला मंगळवारी सांगितलं. ती म्हणाली, "आधी लवूभावजींना सांग, मग माझ्याशी बोल." तेव्हापासून घरात फक्त भांडी वाजतायत.

आज सकाळी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तो अजून गणित करतो का?" मला सांगता आलं नाही. मी तुला कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता. फळ्यापाशी तू उभा राहायचंस, मी नाही. तू येणार नाहीस अशी धास्ती वाटतेय. चारचौघांत शिव्या घाल, पण ये. सोबत सरांचं १९८४चं पत्र ठेवतोय. पाकिटावर नाव माझं असलं तरी ते तुला आलेलं आहे.

करतोस का रे अजून?

माफी मागायलाही बिचकणारा,
माधव