सेफाकोरची मोकळीक होईपर्यंत टपरी न पाडण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा संचालक,
राष्ट्रीय रोजगार निर्मिती अभियान,
जिल्हा कार्यालय, डोर्कोपे.

विषय : रोजगार भवनाच्या जागेसाठी माझी शिवणकामाची टपरी शुक्रवारी न पाडता रविवारी संध्याकाळनंतर पाडण्याबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कार्यालयाने टपरीच्या दारावर लाल रंगाने लिहिलेले ‘हटवा’. (२) आपले क्षेत्र अधिकारी श्री. एनोक गाटी यांचे तोंडी उत्तर, जे लेखी देण्यास त्यांनी नकार दिला.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, मर्सी अक्पेने डोत्से, वय बावन्न, व्यवसाय शिवणकाम, राहणार मासळी बाजारामागे, डोर्कोपे, अर्ज सादर करते की, माझी लाकडी टपरी लॉरी थांब्यासमोर एकोणीस वर्षे उभी आहे. तिथे मी आणि माझ्या पाच शिकाऊ मुली काम करतो. ही टपरी पाडून त्या जागी लोकांना काम मिळवून देणारे भवन उभारण्याचे आपण ठरवले आहे. आधी मला वाटले नोटीस चुकून माझ्या दारावर रंगवली गेली. श्री. एनोक यांनी खुलासा केला की चूक नाही, जागा सपाट आहे आणि रस्त्याला लागून आहे. ती सपाट मी केली, हे त्यांना ठाऊक नसावे.

२. आपल्या अभियानाशी माझा संबंध कसा आला ते सांगणे भाग आहे. मागच्या वर्षी आपली माणसे बेरोजगारांची मोजणी करीत आली. माझ्या मुलींना विचारले, “पगार मिळतो का?” त्या म्हणाल्या, “नाही.” खरेच आहे. शिकाऊ मुलीला पगार नसतो. तिचा बाप दारूची बाटली आणि ठरलेली फी घेऊन येतो, पोरगी माझ्या हवाली करतो, ती माझ्याकडे मक्याच्या पिठाचे अक्पले आणि भेंडीचे कालवण जेवते आणि तीन वर्षांत कापड कापायला शिकते. मी हे सगळे सांगितले. तो माणूस म्हणाला, “मॅडम, असा रकाना नाहीये आमच्याकडे.” आणि पाचही जणी बेरोजगार लिहिल्या गेल्या.

त्यानंतर अभियानाने त्यांना चर्चच्या आवारातल्या मांडवात तीन दिवस बसवले. राजधानीहून आलेल्या तरुणाने त्यांना स्वप्ने मोठी पाहायला सांगितले. शेवटच्या दिवशी टी-शर्ट आणि प्रमाणपत्रे वाटली. चौथ्या दिवशी मुली माझ्याच टपरीत, माझ्याच मशीनवर येऊन बसल्या आणि आपल्या दप्तरी पाच जणींना रोजगार मिळाल्याची नोंद झाली. बेरोजगार म्हणून मोजल्या त्याही माझ्या पोरी, रोजगार दिला म्हणून मोजल्या त्याही माझ्याच. महोदय, दुसऱ्याच्या चुलीवरचे भांडे उतरवून आपल्या घरी वाढण्याचा हा प्रकार आहे, आणि धोरण म्हणतात ते हेच असेल तर त्याला फार शिकलेली माणसे लागत नाहीत.

३. या पाच जणींपैकी सर्वांत मोठी सेफाकोर आग्बेको. तिचे हसरे चित्र आपण लॉरी थांब्यावर दोन माणसांच्या उंचीच्या फलकावर लावले आहे. खाली लिहिले आहे, ‘अभियानामुळे मला काम मिळाले.’ चित्रात ती ज्या मशीनवर बसली आहे ते माझे आहे. मागे जी भिंत दिसते ती याच टपरीची, जी आपण शुक्रवारी पाडणार आहात.

फलक लागला त्याच आठवड्यात सेफाकोरचे वडील, एफो आग्बेको, तावातावाने टपरीत आले. होडी बांधणारा सरळ माणूस, पण त्या दिवशी बाजार गोळा होईल इतक्या जोरात बोलला. “मर्सी, सरकार म्हणतंय पोरीला काम लागलं. मग पगार कुठाय? तू खाल्लास?” मी म्हटले, “एफो, तुझी पोर अजून माझी शिकाऊ आहे.” तो म्हणाला, “म्हणजे एवढा मोठा फलक खोटं बोलतो आणि तूच तेवढी खरी?” लोक हसले. एकोणीस वर्षांत माझ्यावर कुणी वारभर कापड लपवल्याचाही आळ घेतला नव्हता. हा अपमान मी विसरलेले नाही आणि तो कुणामुळे झाला हेही विसरलेले नाही.

४. बापाच्या बोलण्याने सेफाकोर प्रमाणपत्र घेऊन मामाच्या गावी गेली आणि स्वतःची पाटी लावली. एकाही बाईने कापड दिले नाही. त्यांनी विचारले, “तुझ्या डोक्यावर पावडर कधी पडली ग? कात्री कुणाच्या हातून घेतलीस?” तिने प्रमाणपत्र दाखवले. एक म्हातारी म्हणाली, “हा कागद नेसून जाऊ का मी लग्नाला?” पोरगी रडत परत आली. मी तिला ओरडले, मग जेवायला वाढले.

आपण राजधानीहून बदली होऊन आला आहात म्हणून लिहिते. आमच्याकडे शिकलेल्या मुलीची मोकळीक करतात. आमच्या शिंपी संघटनेच्या बायका जमतात. मुलगी दुकान शेवटचे झाडून काढते. मी दाराच्या आत उभी राहते, बाहेर तिचे आईबाप. उंबऱ्यावरून मी तिच्या हाती कात्री देते, डोक्यावर पावडर ओतते आणि सगळ्यांसमोर म्हणते की ही आता माझी नाही, स्वतःची आहे. ज्या दारातून ती शिकायला आत आली त्याच दारातून ती बाहेर पडते. त्यानंतर तिला कापड द्यायला कुणी कचरत नाही. त्याआधी मंत्र्याने सही केली तरी कुणी देत नाही. सेफाकोरची मोकळीक येत्या रविवारी, चर्च सुटल्यावर ठरली आहे. एफो आग्बेको यांनी माझी क्षमा मागून कोंबड्याही सांगून ठेवल्या आहेत. आणि टपरी पडणार शुक्रवारी.

५. ही अडचण मी श्री. एनोक यांना समक्ष भेटून सांगितली. त्यांची उत्तरे जशी ऐकली तशी देते.

“दारच हवं ना, मॅडम? मग दार काढून ठेवा की.”

मी म्हटले, नुसते दार हातात धरून बाई उभी राहिली तर त्याला दुकान म्हणत नाहीत.

“मग दुसऱ्या कुणाच्या दुकानात करा. एवढं काय त्यात?”

मी म्हटले, साहेब, तुमचं लग्न दुसऱ्या कुणाच्या बायकोशी लावलं असतं तर चाललं असतं का? यावर ते रागावले. हे वाक्य मी मागे घेत नाही.

मग मी विचारले, टपरी गेल्यावर माझे आणि मुलींचे काय? ते म्हणाले, टपरी पडली की तुम्ही रीतसर बेरोजगार व्हाल आणि पुढच्या वर्षीच्या योजनेत बसाल. त्यांनी लगेच कागद तपासला आणि सांगितले की बसत नाही, वयाची मर्यादा पस्तीस आहे. टपरी पाडायला जी माणसे येतील त्यांचे कामही नव्या रोजगारात धरले जाईल, असेही त्यांनी अभिमानाने सांगितले. म्हणजे माझे काम काढून घेण्याचेही काम निघाले. एवढ्या वेगाने काम निर्माण करणारे दुसरे खाते देशात नसेल.

६. महोदय, एकोणीस वर्षांत मी किती मुली मोकळ्या केल्या ते इथे मांडत नाही. आपल्याला आकडा दिला की तो आपल्या नावावर चढतो, हे मी आता शिकले आहे. टपरी वाचवा असेही म्हणत नाही. जागा सरकारची आहे, ते मी जाणते, आणि रडून जागा मिळत नाही. मागणी एवढीच की शुक्रवारऐवजी रविवारी संध्याकाळनंतर पाडा. सोमवारी मंत्रिमहोदय पायाचा दगड बसवायला येणार आहेत, तोपर्यंत जागा मोकळी मिळेल. फळ्या मी स्वतः उचलीन.

७. आता दुसरी बाजूही आपल्या माहितीसाठी नमूद करते. श्री. एनोक यांनी सोमवारच्या कार्यक्रमात सेफाकोरला मंचावर बोलावले आहे. फलकावरची मुलगी प्रत्यक्ष उभी राहून मंत्र्यांचे आभार मानणार, असे छापूनही झाले आहे. त्यांनी तिला पाठ करायला चार ओळी दिल्या. परंतु शुक्रवारी टपरी पडली तर मोकळीक होणार नाही, आणि मोकळीक झाली नाही तर सेफाकोर माझी शिकाऊच राहील. शिकाऊ मुलगी आपल्या शिकवणाऱ्या मॅडमच्या शब्दाशिवाय कुठल्याही मंचावर चढत नाही. तिच्या बापाने तिला माझ्या हवाली केले आहे, आपल्या नव्हे, आणि या वेळी तो माझ्या बाजूने आहे. सोमवारी फलकच मंत्र्यांशी बोलेल.

रविवारपर्यंत थांबलात तर ती मोकळी असेल. मग तिने यावे की न यावे, काय बोलावे, हे मी ठरवणार नाही. मी तिला शिवण शिकवले, माइकवर बोलायला शिकवलेले नाही. एवढेच सांगते की गेले दोन दिवस ती मशीनवर बसून स्वतःशी काहीतरी घोकते आहे आणि मी जवळ गेले की गप्प होते. श्री. एनोक यांच्या ओळी इतक्या लांब नाहीत.

दोहोंपैकी काय सोयीचे ते आपण ठरवावे आणि गुरुवारी दुपारपर्यंत कळवावे.

नम्र राहण्याचा होईल तेवढा प्रयत्न केलेली,

(सही)
मर्सी अक्पेने डोत्से
शिवणकाम शिक्षिका, लॉरी थांब्यासमोर, डोर्कोपे
बुधवार, सकाळी, टपरीतून