दुसऱ्या कडव्यात लागलेला दम

नोएडा, मंगळवार संध्याकाळ

विमा कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अंकल, साँस फूलती है?" "बिल्कुल नहीं!" म्हणालो, आणि पुरावा म्हणून शाळेतली कविता खड्या आवाजात सुरू केली. एके काळी या कवितेला सबंध वर्ग गप्प व्हायचा. आज दुसऱ्या कडव्यातच दम लागला. शेवटी बायकोने, सुमनने, फोन घेऊन माझ्या हृदयविकाराचं सगळं सांगून टाकलं.

परक्या मुलीसमोर लाज काढलीस, म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

"अहो, खोटं बोलून पॉलिसी घेतलीत, तर तुमच्यामागे मला काय मिळणार? कविता?"

विमा तिच्यासाठीच घेत होतो ना? मग लपवत कुणासाठी होतो? दुसऱ्या कडव्यात दम लागतो, हे माझं मलाच कबूल करायचं नव्हतं.

मघाशी तिने गोळ्या आणून ठेवल्या. मान वर करून बघवलं नाही.