नासपती कापू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं

इवू, शुक्रवार दुपार

आदरणीय किडावा आत्या,

शिकामो. (पाय धरले आहेत असं समज आणि आधी "मराहाबा" म्हणून आशीर्वाद दे. न देताच पुढे वाचलंस तर मला इथे चीनमध्ये बसून कळेल.) तुझा गुडघा कसा आहे? आपल्या टांगा गावच्या दमट हवेत अजून कुरकुरतो का? नारळ उतरवायला माणूस मिळाला, की पुन्हा तूच झाडाखाली उभी राहून शिव्या देऊन पाडलेस? पांढरी शेळी, शेजारची तातू, मशिदीच्या कोपऱ्यावरचा भजीवाला, सगळ्यांना माझा सलाम सांग. मी ठणठणीत आहे. वजन थोडं वाढलंय, पण ते कसं वाढलं हे पुढे येईलच.

तुझं पत्र पोचलं. "ईद झाली की सामान बांध आणि कायमचा परत ये, साउमूच्या घरच्यांना मी लग्नाचा शब्द देणार आहे," हे वाक्य तू खाली दोन रेघा ओढून लिहिलंस. (दुसऱ्या रेघेला कागद फाटलाय.) त्याचं उत्तर मी शेवटी देतो. आधी माझे हाल ऐक, म्हणजे उत्तरापर्यंत तुझं मन जरा मऊ होईल.

हालांचं मूळ म्हणजे तू हौसेने ठेवलेलं माझं नाव. हातिबू मकामे शेकिओन्दो. आपल्याकडे मुलगा, बाप, आजोबा असे तिघे एका नावात सुखाने नांदतात. इथल्या लोकांची नावं दोन-तीन अक्षरांत आटपतात, त्यामुळे यंत्रांना लांब नावाची सवयच नाही. बँकेतल्या मुलीने आधी आजोबा लिहिले, मग मी, आणि मी अर्धा झालो तिथेच तिची जागा संपली. तेव्हापासून बँकेत मी "शेकिओन्दोहाति" आहे. फोनच्या दुकानातल्याने माझ्यापासून सुरुवात केली आणि बाबांना गाळून टाकलं. बाजारातल्या लोकांनी तर मकामेमधला फक्त "मा" उचलला आणि मला "लाओ मा" करून टाकलं, म्हणजे म्हातारा घोडा म्हटल्यासारखंच ऐकू येतं. मी हाकेला ओ देतो, काय करणार!

तर बँकेतला मी आणि फोनमधला मी ही दोन वेगळी माणसं आहेत, असा शोध फोनला गेल्या रविवारी सकाळी लागला. एकाने दुसऱ्याचे पैसे खाऊ नयेत म्हणून त्याने दोघांनाही बंद केलं. आत्या, इथे भाजी, बस, न्हावी, सगळं फोनवर चालतं, खिशात पाकीट कुणी ठेवत नाही. फोन म्हणाला, चेहरा दाखवा. दाखवला. टोपी काढा. काढली. तोंड उघडा, मिटा, मान हळूहळू डावीकडे वळवा. भर चौकात उभा राहून मी सगळं केलं. शेवटी एक आजी थांबल्या आणि कळवळून म्हणाल्या, "दाढ दुखतेय का रे? गरम पाणी पी." (इथे तापावर, पोटदुखीवर आणि बायको रुसली तरी गरम पाणीच देतात.) फोनला मी पटलो नाही तो नाहीच.

आणि नेमकं त्याच दिवशी मला एका घरी जेवायला जायचं होतं. (धंद्याचं काम. यालान म्हणून एक मुलगी आहे, बाजारात बटणं आणि चेनी विकते; आपल्याकडच्या व्यापाऱ्यांसाठी मी तिच्याकडून माल उचलतो. तिच्या आईने, लौ काकूंनी, बोलावलं होतं. धंद्यात असं करावं लागतं. पांढरा पायघोळ कान्झू दोनदा इस्त्री केला, तोही धंद्यासाठीच.) रिकाम्या हाताने कसं जायचं? मोठ्या दुकानातून सफरचंदांची खोकी घ्यायची ठरवली होती, ती फोनबरोबर गेली. कोटाच्या अस्तरात एक जुनी नोट सापडली. बोळाच्या तोंडाशी एक म्हातारबाबा टोपली घेऊन बसतात, त्यांनी ती आनंदाने घेतली. त्यांच्याकडे फक्त नासपती होत्या. मी पिशवीभर घेतल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत जिना चढलो.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारातच त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि "जेवलास का?" असं विचारलं. (जेवायला बोलावून असं विचारतात. उत्तर द्यायचं नसतं.) स्वयंपाकघरात भिंतीवर एक नवी कोरी कढई लटकत होती, दांड्याला लाल दोरा बांधलेला. यालान कानाशी म्हणाली, "तुझ्यासाठी घेतली. आमच्या जुन्या कढईत डुकराचं मटण शिजलेलं असतं ना. यात दुसरं काही शिजवायचं नाही, अशी तंबी आहे मला." आत्या, ती घेतली तेव्हा त्या बाईने मला पाहिलंही नव्हतं.

जेवणात मासा, कोबी, अंडी, भोपळा. तू लहानपणी कान पिळून शिकवलंस की ताटात घास टाकणं म्हणजे रांधणारीचा अपमान. मी वाडगं चाटूनपुसून स्वच्छ करायचो. इथे रिकामं वाडगं म्हणजे पाहुणा उपाशी, काकू लगेच भरायच्या. "खा रे, लाजतोस काय! एवढा उंच माणूस, चिमणीसारखा टिपतोय!" मी तुझा मान राखत होतो, त्या त्यांचा. यालान हसून हसून टेबलाखाली जायची बाकी होती, पण थोडं शिल्लक ठेव असं तिने सांगितलं नाही ते नाहीच.

मग फळं आली. माझीच नासपती. वाटून खावं म्हणून मी सुरी घेतली, त्यातल्या त्यात मोठी फोडली, एक फोड काकूंच्या हातात, एक यालानच्या, एक मी तोंडात घालणार, तोच यालानने माझ्या पायावर पाय दिला. काकू हातातल्या फोडीकडे बघत राहिल्या. (त्यांच्या भाषेत "नासपती वाटणं" आणि "ताटातूट होणं" कानाला अगदी एकसारखं लागतं. म्हणून जिवाभावाची माणसं हे फळ कापून वाटत नाहीत. मला कुणी सांगितलं होतं?)

"घेऊन जाणार आहेस का तिला?" काकू म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "न्यायची असेल तर सरळ सांग की. फळ कापून कशाला सांगतोस? मला एकच आहे ती."

मी घाईघाईने म्हणालो, तसं नाही हो काकू, आमच्या घरी दारात आलेलं फळ सगळ्यांत वाटतात, माझ्या आत्याने तसंच शिकवलंय. "आत्याने? आईने नाही?" मी सांगितलं की आई मी लहान असतानाच गेली, आत्यानेच मला वाढवलं, आणि तिलाही मी एकच आहे.

काकू उठल्या. माझ्या हातातली फोड काढून घेतली, यालानची घेतली, स्वतःचीही घेतली, सगळ्या एका पातेल्यात टाकल्या, वर पाणी आणि खडीसाखर. "शिजू दे एकत्र. मग कुणाची फोड कुठली, कोण ओळखतंय!" अर्ध्या तासाने आम्ही तिघं त्याचं गोड पाणी प्यायलो. मला खोकला नव्हता, पण काकू म्हणाल्या, खोकल्याला चांगलं असतं.

तर असे इथले हाल आहेत. काळजी करू नकोस, गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
हातिबू

ता. क. साउमूच्या घरच्यांना शब्द देऊ नकोस. ती गुणी मुलगी आहे, तिला गुणी नवरा मिळेल. "धंद्याचं काम" खोटं होतं, हे तू कंस उघडतानाच ओळखलं असशील.

दुसरा ता. क. काकूंनी आमच्या लग्नाला होकार दिलेला नाही. म्हणाल्या, "जिने वाढवलं तिला न विचारता तिचा मुलगा मी ठेवून घेऊ? मी काय चोर आहे? तिने इथे यावं, या खुर्चीत बसावं, मला बघावं, मग बोलू." विमानाला तू उडता पत्रा म्हणतेस, मला माहीत आहे. तरी ये. तुझ्याशिवाय मला लग्न करायचं नाही, आणि यालानशिवायही करायचं नाही. काकूंना तुझी भयंकर भीती वाटते. आत्याला काय आवडतं, आत्या रागीट आहे का, रोज विचारतात. मी म्हणालो, अजिबात नाही.

तिसरा ता. क. हे पत्र तुझ्या हाती पडलं की येणाऱ्या रविवारी तातूच्या फोनवर आम्ही तिघं बोलणार आहोत. काकूंना किस्वाहिली येत नाही, तुला चिनी येत नाही, मध्ये मी. तू नाही म्हणालीस तर त्याचं भाषांतर "हो" असं करायचं मी ठरवून टाकलं होतं. पण यालान शेजारी बसणार, आणि आपल्या व्यापाऱ्यांशी भावावरून भांडून भांडून तिची किस्वाहिली पक्की झाली आहे. त्यातला "नाही" तर ती सगळ्यांत आधी शिकली. तिच्यासमोर माझं काही चालायचं नाही. तेव्हा आत्या, खरंच हो म्हण.